शब्दातला चढ

मला इटालियन शिकवणाऱ्या बाईंच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात सलाईन बदलत होते. बाई आता तिच्याकडे पुण्याला राहायला जाणार, मस्तगडची खोली रिकामी होतेय, आणि बाई म्हणतात की तुझी एक वही इथं पडून आहे, येऊन घेऊन जा. एवढंच बोलणं. सहा वर्षांत त्या घरातून आलेला हा पहिला फोन. मी नुसतं 'बघते' म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुट्टी नसताना सुट्टी काढली आणि अंबडहून जालन्याची एसटी पकडली.

मस्तगडच्या त्या गल्लीत शिरलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. बाईंच्या खोलीखाली मिरची कांडायचं दुकान आहे. फाल्गुनात तिथं बायांची रांग लागते, लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक आपटत राहतात आणि तिखटाचा लाल धुरळा जिन्यातून वर चढतो. मी जिना चढले तशी दोनदा शिंकले. त्या दिवसांत वर्गात कुणी शिंकलं की बाई इटालियनमध्ये 'सालूते' म्हणायच्या, म्हणजे तब्येत सांभाळा. आम्ही इतक्या शिंकायचो की आम्हाला सगळ्यांत आधी पक्का झालेला शब्द तोच.

मी मूळची आष्टीची. नर्सिंग करून जालन्यात एका दवाखान्यात लागले होते आणि रेखाबरोबर एका खोलीत राहत होते. रेखा अंबडकडची. दोन खाटा, एक शेगडी, एक आरसा. आरशासमोर आधी कोण यावरून रोजचं भांडण. इटलीत वृद्धांची सेवा करायला नर्स लागतात आणि मस्तगडला एक बाई त्यांची भाषा शिकवतात, ही बातमी रेखानेच आणली होती. बाई जालन्याच्याच. तरुणपणी नर्स होऊन इटलीतल्या एका छोट्या गावी गेल्या, तिथल्या वृद्धाश्रमात बावीस वर्षं राहिल्या आणि गुडघे गेल्यावर परत आल्या. लग्न केलं नव्हतं. खोलीत एक टेबल, एक क्रूस, खिडकीत तुळशीच्या शेजारी त्यांनी तिकडून आणलेल्या बियांचं तुळशीसारखंच एक रोप. त्याच्या पानाला बडीशेपेसारखा वास यायचा. ते पान चुरगाळून बाई आमच्या नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "हा वास ध्यानात ठेवा. तिथं गेल्यावर घरची आठवण आली तर हाच वास उपयोगी पडतो, कारण तिथल्या स्वयंपाकघरात दुसरा वासच नसतो."

पहिल्या दिवशी सातजणी होतो. दिवाळीपर्यंत चार उरल्या. संक्रांतीला मी आणि रेखा, दोघीच. बाकीच्या गळाल्या त्या क्रियापदांमुळे. नावं पाठ होतात, आकडे पाठ होतात, पण क्रियापद नुसतं पाठ करून चालत नाही. त्यात ठोका, म्हणजे आवाजाचा जोर, कुठं द्यायचा ते कळावं लागतं. बाई म्हणायच्या, आपल्या मराठीत शब्द सपाट रस्त्यानं चालतो. तिकडं प्रत्येक शब्दात एक चढ असतो. चढ चुकला की माणूस भलत्याच घरी जाऊन पोहोचतो.

यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. एका वाटीत चिंचोके आणि त्यात एक सागरगोटा. शब्दाचे जितके तुकडे, तितके चिंचोके टेबलावर मांडायचे आणि ज्या तुकड्यावर ठोका पडतो तिथं चिंचोका उचलून सागरगोटा ठेवायचा. पार्-लो, मी बोलते: सागरगोटा पहिल्या जागी. पार्-लो, तो बोलला: अक्षरं तीच, पण सागरगोटा दुसऱ्या जागी आणि लिहिताना शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ. तेवढ्यानं माणूस बदलतो आणि काळही बदलतो. बाई नव्या होत्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, खाटेवरच्या आजी काही बोलल्या का. बाईंना सांगायचं होतं की बोलल्या, पण ठोका चुकला. "मी आपली 'मी बोलते, मी बोलते' असंच सांगत राह्यले," बाई म्हणायच्या, "आणि ते सगळे वाट बघून राह्यले की ही आता काय बोलते."

तुकडे पाडायचेही नियम होते. जोडाक्षर एकसारखं असेल तर ते मधोमध फोडायचं: मेत्-ते-रे. एक त ह्या घरात, दुसरा शेजारच्या. पण स दुसऱ्या व्यंजनाला चिकटला असेल तर त्याला सोडवायचं नाही, तो पुढच्या तुकड्याबरोबर जातो: आ-स्पेत्-ता-रे. आस्पेत्तारे म्हणजे वाट बघणं. हा शब्द मांडताना मी चार चिंचोके असे अंतर ठेवून लावायचे की बाई म्हणायच्या, वाट इतकीही लांब नसते.

मला हे सोपं गेलं, त्याचं श्रेय अण्णांना. माझे वडील आष्टीला शाळेत शिक्षक होते आणि विहारातली वंदना तेच सांगायचे. पाली शब्दातलं जोडाक्षर घाईनं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. धम्ममधल्या पहिल्या म वर थांबायचं, ओठ मिटायचे, मग दुसरा म सोडायचा. मी सहा-सात वर्षांची असताना विहाराच्या थंड फरशीवर बसून हे शिकले. समोर मेणबत्त्या, अगरबत्तीचा धूर, पांढऱ्या साड्यांना निळीचा वास, आणि अण्णांचं बोट माझ्या गुडघ्यावर हलकेच आपटतंय: इथं थांब. आता पुढं जा. पुढं कधी काळी एका परक्या भाषेत ते बोट माझ्या कामी येईल असं त्यांना वाटलं असेल का? बाईंनी 'सेत्ते' म्हणजे सात असं सांगितलं तेव्हा मी म्हणाले, आमच्या पालीत 'सत्त'. बाई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुला कान आहे.

रेखाला कान नव्हता. ती हुशार होती, माझ्यापेक्षा जास्त शब्द तिला यायचे, पण ठोका द्यायची वेळ आली की तिचा हात वाटीतच अडायचा. मी, तू, तो आणि ते म्हणताना ठोका शब्दाच्या मुळावर बसतो, पण कुठल्या अक्षरावर ते शब्दागणिक बदलतं. 'आम्ही' म्हणताना मात्र तो मुळावरून उठून पुढं येतो आणि कायम एकाच जागी बसतो. पार्ल्यामो, आम्ही बोलतो. मांज्यामो, आम्ही जेवतो. आंद्यामो, आम्ही जातो. रेखानं हे बरोबर हेरलं. ती सगळं 'आम्ही' करूनच बोलायला लागली. बाईंनी विचारलं तू कुठं राहतेस, की ही म्हणायची आम्ही राहतो. तुला काय आवडतं, तर आम्हाला आवडतं. रस्त्यानं चालताना माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायची, "आम्हीमधी चूकच होत न्हाई बघ. बिलकुल न्हाई."

ते वर्ष आठवलं की मला त्याचे आवाजच आधी आठवतात. खालून मुसळांचा धपधप, वर बाईंच्या बोटांचा टेबलावर टकटक, आणि दोन्ही जुळले की रेखाचं हसू. 'कापितो' शिकलो तो दिवस. पहिल्या तुकड्यावर ठोका दिला तर 'मी येऊन टपकते', मधल्यावर दिला तर 'समजलं', शेवटच्यावर दिला तर 'घडलं'. रेखा म्हणाली, हा तर आमच्या गल्लीतला शिंपी, कापितो अन् शिवितो. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग 'पेर्दोनो'. पहिल्यावर ठोका, 'ते गमावतात'. दुसऱ्यावर ठोका, 'मी क्षमा करते'. रेखा हा शब्द दर वेळी उलटा करायची. मोसंबीच्या दिवसांत बाई मोसंबी सोलून फोडी आमच्या पुढ्यात ठेवायच्या, प्रत्येक बरोबर शब्दाला एक फोड. माझ्या वाटच्या फोडी मी रेखाला द्यायचे. खोलीवर परतताना आमच्या बोटांना सालीचा कडवट वास असायचा आणि मी रस्ताभर तिला शब्द घालायचे, ती माझ्या तळहातावर बोटानं ठोका द्यायची.

मग बाई जिथं होत्या त्याच वृद्धाश्रमानं दोन नर्स मागितल्या. बाईंनी आमची दोघींची नावं कळवली. तिकडून एक पान वाचायला आलं. एका म्हाताऱ्या माणसाचा दिवस: तो कुठं राहतो, काय खातो, रविवारी त्याची मुलं त्याला फोन करतात. हे पान वाचून, आवाज नोंदवून पाठवायचा होता. त्यात 'तेलेफोनानो' होता, ते फोन करतात. पाच तुकडे, आणि ठोका दुसऱ्यावर, म्हणजे शेवटून चौथ्यावर. इतका मागं ठोका असलेला शब्द आम्ही क्वचितच पाहिला होता. रेखा दर वेळी तो 'फो'वर द्यायची.

तिनं अकरा वेळा वाचून पाहिलं. दर वेळी त्याच शब्दाला अडकली. शेवटी फोन खाटेवर टाकला आणि गुडघ्यात डोकं घालून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तू वाच माझं. तुझं अन् माझं काय येगळं हाय?"

मी म्हणाले, त्यांना कळेल. ती म्हणाली, इतकं कोण ऐकून राह्यलंय. मी वाचलं. तोंडापाशी ओढणी धरून, आवाज जरा जाड करून. चूक होती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही मी ते कुणापासून लपवत नाही. पण त्या वेळी मला ते चुकीपेक्षा मोसंबीची फोड देण्यासारखं वाटलं.

दहा-बारा दिवस गेले. मग बाईंनी दोघींना समोर बसवलं. तिकडून मेल आला होता. दोन्ही नोंदी एकाच आवाजात आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. जिचा आवाज असेल तिला घेऊ, दुसरीचं नाव काढून टाका. बाईंनी ते आधी त्यांच्या भाषेत वाचलं, मग मराठीत सांगितलं आणि विचारलं, "आवाज कुणाचा?"

मला तोंड उघडायची लाज वाटली. तिला उघडं पाडल्यासारखं झालं असतं. मी रेखाकडे बघितलं, की तीच सांगेल. रेखा चिंचोक्यांच्या वाटीकडे बघत म्हणाली, "माझा."

मग ती पुढं बोलत गेली. हिला तो तेलेफोनानो जमत नव्हता, अकरा वेळा वाचलं हिनं, रडली, गुडघ्यात डोकं घालून बसली, म्हणून मी वाचून दिलं. एकही गोष्ट खोटी नव्हती. फक्त तिच्या जागी मी होते.

मी म्हणाले, "बाई, तिला तो शब्द एकदा म्हणायला लावा. एकदाच."

बाईंनी रेखाकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. वाटीतले चिंचोके तळहातानं सारखे केले आणि म्हणाल्या, "आता परीक्षा नको. मला तुम्ही दोघी सारख्याच ऐकू येता."

वर्षभर, आठवड्यातल्या चार-चार संध्याकाळी ज्यांनी माझा एकेक तुकडा कानानं तपासला, त्या असं म्हणाल्या. मी उठले. माझी वही टेबलावरच राहिली. रेखा त्या रात्री खोलीवर आलीच नाही. दोन दिवसांनी तिचा भाऊ येऊन तिची खाट मोकळी करून गेला. पुढचे चार महिने बाईंनी तिला एकटीला शिकवलं, असं कळलं. मग ती गेली.

आष्टीला अण्णांनी विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, लेक परदेशी चालली. मी घरी गेले आणि म्हणाले, उच्चारात नापास झाले. ते खाटेवर चष्मा पुसत बसले होते. पुसायचे थांबले. "उच्चारात?" एवढंच म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर विहारात वंदना सांगताना जोडाक्षरापाशी ते पूर्वीपेक्षा जास्त थांबायला लागले, जणू आपणच कुठंतरी कमी शिकवलं. ते गेले तेव्हाही खरं काय ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

ह्या सगळ्यावर सहा वर्षं गेली. मी अंबडला आले, तिथल्या एका खाजगी दवाखान्यात लागले. रेखाचे फोटो दिसायचे. बर्फ, सायकल, एका आजीच्या खुर्चीमागं उभी असलेली ती, केस कापलेले. मला तिनं कधी फोन केला नाही. मीही नाही.

आणि आता मी त्या खोलीत उभी होते. क्रूस काढलेला, भिंतीवर त्याचा फिकट आकार. खिडकीतली कुंडी कोरडी. बाई खुर्चीत, अंगानं निम्म्या झालेल्या. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून भाची मोठ्यानं बोलत होती. तिनं माझ्या हातात वही दिली आणि चहा टाकायला आत गेली. वहीच्या पानांवर माझी लाल शाई, प्रत्येक क्रियापदाचे तुकडे, ठोक्याखाली रेघ. काही पानांवर रेखानं काढलेली फुलं.

मी निघायच्याच बेतात होते. बाई म्हणाल्या, "तुझा आवाज मी पहिल्याच वाक्याला ओळखला होता."

मी त्यांच्या कानाजवळ वाकले. "मंग?"

"तुझं इथं भागेल असं वाटलं. तू सावरशील. तिचं भागलं नसतं."

"हे तुम्ही ठरवलं."

"हो."

त्यांनी माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. मी एवढंच म्हणाले की हे रेखाला सांगा, आत्ता, माझ्यासमोर. सहा वर्षं ती समजून चाललीय की तिनं तुम्हाला फसवलं आणि तुम्ही फसलात. तिला कळू द्या की तुम्हाला माहीत होतं. निदान तेवढं तरी.

बाईंनी फोन उचलला, तोंडाजवळ धरला आणि निरोप बोलल्या. रेखा, ही आली आहे. तो आवाज हिचा होता आणि मला ते तेव्हाच माहीत होतं, हे मी तिच्यासमोर सांगतेय. शब्द स्वच्छ होते. निरोप गेला. भाचीनं चहा आणला. आम्ही तो प्यायला लागलो.

चहा संपायच्या आत उत्तर आलं. बाईंना ऐकू येत नाही म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. रेखाचा आवाज खोलीभर पसरला, सहा वर्षांनी, अगदी तसाच.

"बाई, हे कशाला आता? आपलं ठरलं होतं ना? तुम्हीच म्हणल्त्या, मी 'माझा' म्हणायचं अन् तुम्ही गप राहायचं. तिला न्हाई सांगायचं म्हणल्त्या कधीच."

बाईंनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला. भाची कपबशा उचलून आत गेली.

"कधी ठरलं होतं?" मी विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"तुम्हाला समोर बसवलं, त्याच्या आदल्या दिवशी. मेल आला तेव्हा रेखा इथंच होती. तू नंतर आलीस."

आदला दिवस. तो मला नीट आठवतो. माझी ड्यूटी लांबली होती, मी धावतपळत आले तेव्हा दिवे लागले होते. बाईंनी शेवयांची खीर केली होती, जायफळ घालून. कशाबद्दल, विचारलं तर म्हणाल्या, सहज. रेखानं उठून मला आपली खिडकीजवळची जागा दिली. माझ्या वाटीत खीर जास्त होती. त्या दिवशी शिकवणी झालीच नाही. बाई म्हणाल्या, ते पान तूच वाच एकदा, आम्हाला ऐकू दे. मी सगळं पान वाचलं, सावकाश, प्रत्येक ठोका जागच्या जागी. एकदाही अडले नाही. मग रेखानं माझा हात हातात घेतला आणि परत जाताना सगळ्या रस्ताभर तो सोडला नाही.

पुढं जे झालं त्यापासून ती एक संध्याकाळ मी बाजूला काढून ठेवली होती. कितीही राग आला तरी म्हणायचे, निदान ती तरी खरी होती. अंबडच्या खोलीत एकटी जेवताना, अण्णा गेले त्या दिवसांत, मी कितीदा त्या खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसले आहे. वाचत असताना मान वर केली की दोघी माझ्याकडे बघत होत्या, टक लावून, पापणीही न हलवता. मला वाटलं होतं, ऐकतायत.